माणिककाकांचं ‘नाही’

काका, काल तुमच्या शोकसभेत सात जण बोलले आणि सातही जण साफ खोटं बोलले. पहिल्यानं सांगितलं की तुम्ही शांत स्वभावाचे होतात. दुसऱ्यानं सांगितलं की तुम्ही जन्मात कोणाला दुखावलं नाही. हे ऐकताना माझ्या शेजारच्या तीन बायका पदरात तोंड घालून गदगदत होत्या. लोकांना वाटलं, रडताहेत. त्या तिघींनाही तुम्ही भरल्या तालमीत ‘भिंतीसारखी उभी नको राहू, भिंत आपल्यापाशी आहे’ असं सुनावलेलं आहे. वानखेडे साहेबांनी, म्हणजे आपल्या नाट्यमंडळाच्या कायमच्या नायकानं, तर तुम्हाला ‘प्रकाशमहर्षी’ करून टाकलं. बोलताना त्यांचा आवाज भरून आला. तो कुठल्या वाक्याला भरून आणायचा हे त्यांना चाळीस वर्षांपासून माहीत आहे.

मग माझं नाव पुकारलं. ‘माणिकरावांच्या शिष्या विशाखाताई दोन शब्द बोलतील.’ मी घशाकडे बोट दाखवून मान हलवली. घसा ठणठणीत होता. पण तुमचं दोन शब्दांत भागलं नसतं, आणि मला जे म्हणायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर म्हणण्यासारखं नव्हतं. तो फोटोही खोटा. त्यात तुम्ही हसता आहात.

म्हणून घरी येऊन, कुरुदच्या या खोलीत, दार लावून लिहायला बसले आहे. मंडळाला म्हणावं स्मरणिकेत छापा. नाही छापलं तर पुढच्या तालमीला मी उभी राहून वाचून दाखवीन, अभिनयासकट.

तुम्हाला गोष्ट मधूनच सुरू झालेली खपत नसे, तेव्हा आधी हे सांगते. माझ्या पर्समध्ये एक पत्र आहे. रायपूरच्या एका नाट्यगृहाला प्रकाशाचं सगळं काम सांभाळणारं माणूस हवं आहे, आणि त्यांना मी हवी आहे. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं. आज शुक्रवार. हो म्हटलं तर जुनवानीच्या कॉलेजातली लॅब असिस्टंटची अठरा वर्षांची पक्की नोकरी शेहेचाळिसाव्या वर्षी सोडावी लागेल. आणि नाही म्हणायचं, तर ते खातं आजवर तुमच्याकडे होतं. मला सवय नाही.

तुम्ही कधी कबूल केलं नाहीत, पण मी तुमच्या वाटेला आले ती आईच्या पदरामुळे. छत्तीसगढ वेगळं होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. जयंतीच्या कार्यक्रमात मंडळाचं नाटक होतं, पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, सेक्टरातल्या हॉलमध्ये. एप्रिल महिना. बाहेर भट्टी, आत माणसांची भट्टी, आणि आवाज संवादांवर येतो म्हणून वानखेडे साहेबांनी पंखे बंद करायला लावलेले. आम्ही मायलेकी अकराव्या रांगेत. साहेब एका गिरणी कामगाराचं काम करत होते, म्हणजे मरत होते, आणि त्यांना कसलीही घाई नव्हती. मी कंटाळून छताच्या कड्या मोजत होते. शेवटी ते एकदाचे गेले, अंधार झाला, आणि खिडकीतून पहाट आली.

आली म्हणजे काय झालं, हे मला आजही धड सांगता येत नाही. आधी नुसते खिडकीचे गज दिसले. मग जमिनीवर राखेच्या रंगाचा एक पट्टा उमटला. तो सरकत सरकत खाटेकडे गेला, खाटेवर बसलेल्या बाईच्या पायांपर्यंत पोचला आणि तिथे थांबला. आणि घामानं निथळणाऱ्या माझ्या आईनं पदर ओढून दोन्ही खांद्यांवर घेतला.

‘थंडी कावून वाजून राहिली वो मले?’ ती कुजबुजली.

मी इकडेतिकडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी हात पोटाशी आवळून धरले होते. एप्रिलात! भिलाईत! त्यानंतरचं नाटक मी पाहिलंच नाही. मान वाकडी करकरून पडद्याच्या कडेला काय आहे, ते दिसतं का बघत बसले.

पडदा पडल्यावर लोक साहेबांना हार घालायला समोरून चढले आणि मी मागच्या दारानं आत घुसले. तिथे तुम्ही होतात. अंगात बनियन, रबरी चटईवर उकिडवे, आणि पुढ्यात चिनी मातीच्या चार लोणच्याच्या बरण्या.

‘कोण वो तू?’

‘विशाखा. कोक ओव्हनवाल्या देवाजींची पोरगी.’

‘मंग देवाजीपाशी जाय. इथं करंट आहे.’

‘माहीत आहे मले. मी आयटीआय करून राहिली. इलेक्ट्रिशियन.’

तेव्हा कुठे तुम्ही वर पाहिलंत. ‘पोरींले घेतात आता?’

‘घेतात.’

‘कावून?’

हे आपलं पहिलं बोलणं. प्रकाशमहर्षी!

बरणीत मिठाचं पाणी, तळाशी एक पत्रा, वरून दोरीनं सोडलेला दुसरा पत्रा. दोरी खाली सोडत गेलं की दोन पत्र्यांमधलं अंतर कमी होतं आणि दिवा उजळत जातो, वर ओढली की मावळत जातो. मोठ्या शहरांत ह्या कामाला मशिनं होती. तुमच्यापाशी काकूंच्या बरण्या होत्या. त्या वर्षी काकूंनी लोणचं डब्यात घातलं, ते नासलं, आणि तेच त्यांनी तुम्हाला वर्षभर वाढलं. मला काकू तेव्हापासून आवडतात.

घरी जाताना मी आईला म्हटलं, मले हेच करायचं आहे.

‘काय, नाटकात काम?’

‘नाही. नाटकाच्या मागे.’

‘मागचं काम तं घरी बी आहे,’ आई म्हणाली.

पुढची दोन वर्षं मी काय केलं ते शोकसभेत कोणी सांगितलं नाही, कारण कोणी पाहिलंच नव्हतं. मी वायरी गुंडाळल्या. इंग्रजी आठाच्या आकारात, पीळ न पडता, एक टोक आत एक बाहेर. एक वायर चुकली की तुम्ही सगळ्या उलगडून फेकायचात. शिडीवर चढू द्यायचा नाहीत. रंगीत कागद कापायला दिलेत आणि कापलेले मागे लपवून ठेवलेत, वाकडे आहेत म्हणून. आयटीआयच्या परीक्षेत मी पहिली आले त्या दिवशी तुम्हाला पेढा द्यायला आले, तर तुम्ही विचारलंत, ‘हात धुतला का? चिकट हातानं वायर नको धरू.’

आणि भांडणं. तुमचं म्हणणं, उजेड चेहऱ्यासाठी नसतोच. ‘उजेड जागेसाठी असते. माणूस त्या जागेत येते अन् जाते.’ माझं म्हणणं, लोक चेहरा बघायला येतात. तुमचं म्हणणं, ‘लोकांले लाइट दिसली म्हणजे आपण चुकलो.’ मी म्हटलं, ‘मग मले कशी दिसली त्या दिवशी?’

‘तू पहिलेपासूनच बिघडेल होती.’

हे भांडण आपण बावीस वर्षं भांडलो, काका. मिटलं नाही. आता मी काहीही म्हटलं तरी तुम्ही उलट बोलणार नाही, याची मला इतकी चीड येते की एकदा लिहिती वही भिरकावून झाली आहे. ही दुसरी वही आहे.

तुम्ही प्रत्येक नाटकात पहाट घुसवायचात. लेखकानं लिहिली नसली तरी. एका फार्समध्ये सगळं दुपारी घडत होतं, तिथेही तुम्ही दिग्दर्शकाला म्हणालात, ‘मंग सकाळी काय करत होते हे लोक?’ पण तिसऱ्या नाटकात तुमचे दोन हात चार बरण्यांना पुरेनात. तुम्ही माझ्याकडे न बघता एक दोरी माझ्या बाजूला सरकवलीत. पुढच्या नाटकात ती दोरी माझीच झाली, आणि पहाटही. कार्यक्रमपत्रिकेवर मात्र ‘प्रकाश : माणिकराव’. मी आणि बरण्या, आमचं दोघींचंही नाव नसायचं.

आता ती टॅगची संध्याकाळ. ही मी पुष्कळांना रंगवून सांगितली आहे आणि तुम्ही दर वेळी ‘तसं नोतं झालं’ म्हणून उठून गेला आहात. आज बसा.

प्लांटमध्ये लाइनीवर काम करणारा माणूस आधी स्विच पाडतो आणि त्यावर आपल्या नावाचा लाल टॅग लटकवतो. तो टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, कारण लाइनीच्या दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी हात असतो. हे आपल्या टाउनशिपमध्ये पोराटोरांनाही माहीत. तुम्ही आयुष्य रोलिंग मिलच्या इलेक्ट्रिकल शॉपमध्ये काढलेलं, तेव्हा तुम्ही तोच टॅग हॉलमध्येही आणायचात आणि लाइनी टाकून होईपर्यंत स्टेजच्या मेन स्विचवर लटकवायचात.

त्या दिवशी तुम्ही चहाला गेलात आणि मी शिडीवर चढले. पहिल्यांदा. एक दिवा वीतभर वळवला, नाटकातल्या विधवेच्या चेहऱ्यावर. तुम्ही परत आलात, वर बघितलंत, मग माझ्याकडे. पान्हा पिशवीत टाकलात, स्कूटरला किक मारलीत आणि निघून गेलात, दुर्गला, मोहन नगरला, घरी. टॅग स्विचवरच.

सात वाजले. हॉल गच्च. वानखेडे साहेब तोंडाला रंग लावून मागे आले. ‘लाइट का नाही?’

‘टॅग आहे,’ मी म्हटलं.

‘कोणाचा?’

‘माणिककाकांचा.’

‘मग माणिकरावांना बोलवा.’

‘ते घरी गेले.’

साहेबांच्या हाताखाली प्लांटात शेकडो माणसं होती. त्यांनी टॅगकडे पाहिलं, मिशी सरळ केली, आणि दोन पावलं मागे सरकले. ‘अरे, टॅग आहे तर आहे ना! मी कसा काढू?’ मग ते पडद्यासमोर गेले आणि तीनशे लोकांना म्हणाले, ‘मंडळी, मेन स्विचवर टॅग आहे.’ दुसऱ्या कुठल्या गावात खुर्च्या तुटल्या असत्या. इथे कोणी शिटीसुद्धा मारली नाही. मागून एक आवाज आला, ‘टॅग लगा है क्या? अच्छा, फिर बैठो.’ बायकांनी डबे उघडले. सगळा हॉल पाऊण तास, बसल्या जागी, तुम्ही जेवून येण्याची वाट बघत राहिला. एका स्विचपुढे, ज्याच्या पलीकडे कोणीही काम करत नव्हतं. हे मला माहीत होतं. लाइन मीच तपासली होती. टॅग माझ्या हातापासून हातभर लांब होता, आणि पाऊण तास मी त्याच्याकडे बघत उभी होते.

त्या पाऊण तासात एक माणूस मागे आला. मुकुंदराव, नागपूरचे. त्यांची नाटक कंपनी गावोगाव फिरायची, आणि ते कोणा नातेवाइकाकडे आले होते म्हणून नाटकाला बसले होते.

‘हे काय आहे बाई, लोणचं?’

मी त्यांना बरण्या समजावून सांगितल्या. किती मीठ, किती दोरी, पाणी तापून खळखळायला लागलं तर काय. ते मांडी घालून बसले.

‘अन् हे करते कोण?’

‘बाकी सगळं काका. पहाट मी.’

मग तुम्ही आलात. हाताला वांग्याच्या भाजीचा वास. दिवा पुन्हा पहिल्या जागी वळवलात, टॅग काढून खिशात घातलात, ‘चालू करा’ म्हणालात. पहाटेपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. पहाटेला म्हणालात, ‘सोड. हळू. अजून हळू.’ आणि पडदा पडल्यावर, माझ्याकडे पाठ करून:

‘टॅग कावून नाही काढला?’

‘तुमचा होता.’

‘बरं.’

हे ‘बरं’ एवढं एकच प्रशस्तिपत्र तुम्ही मला दिलंत. मी ते जपून ठेवलं, आणि त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. हे वाक्य मी लिहिलं, आता पुन्हा लिहिणार नाही.

कारण तीन आठवड्यांनी, त्याच हॉलमध्ये, वायरी गुंडाळत असताना तुम्ही सहज, जणू पाणी आलं की नाही हे सांगावं तसं म्हणालात, ‘तो नागपूरवाला तुले मागून राहिला होता. लाइटवर असिस्टंट. त्याच्या कंपनीत.’

माझ्या हातातली वायर सुटली. ‘मग?’

‘मी नाही म्हटलं.’

‘कावून?’

‘तयार नाही तू.’

‘हे कोण ठरवते?’

‘मी ठरवतो. आठचा आकडा पाह्य. पीळ पडला.’

मी नऊ दिवस तुमच्याशी बोलले नाही. दहाव्या दिवशी रंगीत तालीम होती, म्हणून आले. तुम्ही दोरी सरकवलीत. मी धरली. संपलं. ह्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. मी कॉलेजात लागले, लग्न केलं, बरण्या गेल्या आणि बटनांचा बोर्ड आला. तुम्ही त्याला ‘कॅल्क्युलेटर’ म्हणायचात आणि मी तो चालवत असताना माझ्या मागे उभे राहून म्हणायचात, ‘हळू.’ बोर्डाला हळू म्हणण्यात काही अर्थ नसतो, काका. सेकंद आधीच भरलेले असतात. मी तरीही दोनदोन सेकंद वाढवायची.

दर वर्षी एकदा तरी मी मनातल्या मनात नागपूरला जायची. माझ्या हाताखाली पाच माणसं, मोठमोठी गावं, माझं नाव. आणि मग तुमचं ‘तयार नाही तू’. भांडी घासताना मी तुम्हाला उत्तरं दिली आहेत. अशी जबरदस्त उत्तरं, की भांडी पितळेची असती तर सोन्याची झाली असती.

आता रायपूरचं पत्र. ते तुम्ही जायच्या आठ दिवस आधी आलं. मी ते घेऊन सगळ्यांकडे गेले. नवरा रेल्वेत गार्ड आहे. त्यानं बूट काढता काढता वाचलं आणि म्हणाला, ‘जाय ना. तसंही तू कुठे घरी असते?’ आई आता ऐंशीला आली, म्हणाली, ‘जाय माय, मले तं तेव्हाच थंडी वाजली होती.’ कॉलेजच्या प्रिन्सिपलना सांगितलं, तर त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद दिसला की मला अपमान वाटला. ‘कब जा रही हैं आप?’ म्हणाले. अठरा वर्षं मी त्यांची ट्रान्सफॉर्मरची मॉडेलं पुसली आहेत.

शेवटी दवाखान्यात आले. तुम्ही नळ्यांमध्ये, छतातल्या ट्यूबकडे बघत पडला होतात. ‘चोक गेला त्याचा,’ म्हणालात. ‘चार दिवसांपासून सांगून राहिलो. कोणी आयकत नाही.’ मी म्हटलं, मी बदलून आणते. ‘तू कायले? त्याईचं काम आहे.’ मग तुम्ही विचारलंत, ‘रंगीत तालीम कधी आहे?’ मी तारीख सांगितली. पर्समधलं पत्र बाहेर काढलं नाही. अर्धा तास बसले, पर्स मांडीवर, चेन उघडी. तुम्हाला झोप लागली. दोन दिवसांनी फोन आला.

मी स्वतःला सांगितलं की आजारी माणसाला त्रास नको म्हणून दाखवलं नाही.

इथवर शुक्रवारी लिहिलं. आज सोमवार आहे.

शनिवारी मोहन नगरला जाऊन आले. जलदान विधी होऊन गेला होता, पाहुणे पांगले होते, काकू एकट्या ओट्यापाशी मेथी निवडत होत्या. मीही एक जुडी घेतली. त्यांना म्हटलं, काकू, शोकसभेत मी बोलली नाही, तुमाले राग आला काय?

‘कायचा राग? ते सातजण बोलले तेच लय झालं. मले तं वाटलं, दुसऱ्याच कोणाची सभा आहे.’

आम्ही हसलो. मग मी विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते मेथी निवडताना विचारलं. की त्या नागपूरवाल्याला काकांनी नाही म्हटलं, मी तयार नव्हते म्हणून, तर तुमच्यापाशी ते काही बोलले होते काय.

काकूंचे हात थांबले. ‘तुले माहीत नाही काय वो? त्याचा फोन तीनदा आला. एकदा तं मीच उचलला. त्या वर्षी, अन् मंग पुढच्या वर्षी. तिसऱ्यांदा मी म्हटलं, जाऊ द्या ना पोरीले. तं माह्यावर खेकसले. म्हणे, ते गेली तं पहाट कोण करन? माह्या हातानं तशी होत नाही.’

मेथीची ती जुडी मी निवडली नाही, नुसती चुरगाळली. काकूंनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

तर हे तुमचं ‘तयार नाही तू’. बावीस वर्षं मी ज्या एका वाक्यासाठी तुमच्या मागे वायरी गुंडाळत फिरले, ते वाक्य तुम्ही बोलला होतात. बायकोला. स्वयंपाकघरात. चिडून. मला मात्र त्याच्या उलटं सांगितलंत, कारण तुमचं काम अडलं असतं. माणूस एवढा कंजूष कसा असू शकतो? तुम्ही मला थांबवलंत, ठीक. पण ‘थांब, मला तुझी गरज आहे’ असं म्हटलं असतं, तर मी आनंदानं थांबले असते, मूर्खासारखी, आयुष्यभर. त्याऐवजी मला कमी ठरवून ठेवून घेतलंत. मी रस्त्यात स्कूटी थांबवून तुम्हाला मोठ्यानं शिव्या दिल्या. एक भाजीवाला ‘काय झालं दीदी’ म्हणून धावत आला. त्याला सांगितलं, घरचं माणूस गेलं. तेही खोटं नव्हतं.

पण काल दिवसभर दुसरंच डोक्यात घोळत राहिलं, आणि ते न लिहिता हा कागद पुरा करता येत नाही, कारण शोकसभेला मी खोटं म्हणून बसले आहे.

मुकुंदरावांच्या कंपनीचा पत्ता मला माहीत होता. त्या संध्याकाळी त्यांनी तो मला स्वतः लिहून दिला होता, नाटकाच्या तिकिटामागे. नागपूरला माझी सख्खी आत्या राहते. सकाळच्या गाडीनं निघालं की दुपारी पोचता येतं. मी गेले नाही. मला भीती वाटली होती. अनोळखी गावं, लॉजमधली झोप, अनोळखी पुरुषांच्या शिड्या. आणि तुमचं ‘नाही’ आयतंच हाताशी होतं. मी ते अंगावर घेतलं आणि बावीस वर्षं त्यात गुरफटून बसले, वरून तुम्हाला शिव्या देत. तुम्ही चोरलंत हे खरं. पण घराला कडी मी लावली नव्हती.

आणि दवाखान्यात मी पत्र दाखवायला आले नव्हते. मी नकार घ्यायला आले होते. नवरा जा म्हणाला, आई जा म्हणाली, प्रिन्सिपल तर दार उघडून उभे राहिले. मला एक माणूस हवा होता जो म्हणेल, ‘तयार नाही तू.’ आणि तुम्ही, ज्यांनी आयुष्यात कोणाला नकार द्यायचा बाकी ठेवला नाही, तुम्ही ट्यूबच्या चोकबद्दल बोललात आणि झोपी गेलात.

ह्यामुळे तुमचा गुन्हा कमी होत नाही. तुमचा तुमच्याकडे, माझा माझ्याकडे.

आज सकाळी दहाला रायपूरला फोन केला. हो म्हटलं. पलीकडच्या मुलीनं ‘ठीक है मॅडम’ म्हणून आधार कार्डाची प्रत मागितली. आयुष्यातला एवढा मोठा प्रसंग इतका बेचव होईल असं वाटलं नव्हतं. एक तारखेला रुजू व्हायचं. मंडळाला सांगितलं, की ह्या नाटकापर्यंत मी आहे, पुढे माणूस शोधा. वानखेडे साहेबांचा आवाज पुन्हा भरून आला. ह्या वेळी चुकीच्या वाक्याला आला, म्हणजे खरा असावा.

तुम्ही असता, तर मी फोन ठेवल्या ठेवल्या मोहन नगर गाठलं असतं. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत असता. मी म्हटलं असतं, ‘काका, मी चालली रायपूरले. तुमाले विचारायले नाही आली, सांगायले आली.’ तुम्ही पेपर डोळ्यांपर्यंत वर केला असता. बोलला नसता. महिनाभर, काय सांगावं, वर्षभरही. काकूंना मधे घालून निरोप आले असते, तिले म्हणा तिचा पान्हा इथं पडून आहे, घेऊन जाय. मी समोर बसलेली असताना! मी चहा घेतला असता, दुसरा मागितला असता, मुद्दाम जोरजोरात गप्पा मारल्या असत्या, आणि पेपरमागे तुम्ही एकही ओळ वाचत नसता.

तो अबोला माझ्या हक्काचा होता, काका. तेवढा तरी देऊन जायचं होतं.